कानातला आवाज: अखंड की नाडीच्या ठेक्यात?

मुंबईतल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात ‘कान वाजतो’ अशी तक्रार घेऊन येणारी माणसे त्या आवाजाचे वर्णन मोठ्या बारकाईने करतात. कुणाला रातकिड्यांची किरकिर ऐकू येते, कुणाला कुकरची शिट्टी, तर कुणाला ट्रान्सफॉर्मरजवळ उभे राहिल्यासारखी घूं-घूं. मात्र डॉक्टरांना जी गोष्ट सर्वांत आधी कळायला हवी, ती या वर्णनात बहुधा नसते: हा आवाज एकसारखा चालू असतो, की मनगटावरच्या नाडीबरोबर ठोके देत येतो? आयुर्वेदातही कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड असे दोन विकार वेगळे सांगितले आहेत. पहिल्यात भेरी, मृदंग, शंख यांसारखे नाद, तर दुसऱ्यात वेणूसारखा स्वर. तो भेद आवाजाच्या जातीवरून केलेला आहे. आजचा महत्त्वाचा भेद मात्र ठेक्यावरून ठरतो, कारण ठेका बदलला की आवाजाचे उगमस्थानच बदलते.

अखंड आवाजाच्या बाबतीत कानात खरा ध्वनी बहुतेक वेळा नसतोच. अंतर्कर्णातील शंखाकृती कॉक्लियामध्ये ध्वनीची स्पंदने टिपणाऱ्या सुमारे 15 हजार केशपेशी असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यांच्याकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू आपली संवेदनक्षमता वाढवतो आणि मज्जातंतूंमधली एरवी दुर्लक्षित राहणारी हालचालच आपल्याला आवाज म्हणून जाणवू लागते, असे सध्याचे बहुमान्य स्पष्टीकरण आहे. ही हालचाल निरोगी माणसातही असते. 1953 साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगले ऐकू येणाऱ्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटे बसवले, तेव्हा त्यांतल्या 94 टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज ऐकू आल्याचे सांगितले. दिवसभर शहराच्या गोंगाटात दबलेली शिट्टी रात्री पंखा बंद केल्यावर अचानक मोठी वाटते, ती याचमुळे. आजार रात्री वाढतो असे नव्हे.

केशपेशींच्या नाशाची कारणे ठाऊक असलेलीच आहेत: वाढते वय आणि मोठा आवाज. निवासी भागासाठी कायद्याने दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. डेसिबलच्या मोजपट्टीवर 10 ची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट, हे लक्षात घेतले की विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशांच्या किंवा डीजेच्या भिंतीशेजारी तासन्‌तास उभे राहिल्यावर कानाला दडे का बसतात, हे वेगळे सांगावे लागत नाही. औषधांचा वाटा मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन किंवा अमिकॅसिनची इंजेक्शने आणि कर्करोगावरील सिस्प्लॅटिन यांनी केशपेशींना कायमची इजा होऊ शकते. मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिनने वाजणारा कान मात्र औषध थांबवल्यावर बहुधा शांत होतो. अर्थात, कोणतेही औषध परस्पर बंद करू नये.

नाडीच्या ठेक्यात येणारा आवाज कमी लोकांना होतो आणि त्याचे स्वरूप मुळातच निराळे असते, कारण इथे बहुधा शरीरात खरोखर निर्माण झालेला ध्वनी ऐकू येत असतो. कानाच्या अगदी जवळून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. त्यांतला प्रवाह जोराचा किंवा खळबळीचा झाला की त्याची ‘धस्-धस्’ कानापर्यंत पोहोचते, आणि कधीकधी डॉक्टरांनाही ती स्टेथोस्कोपने ऐकू येते. रक्तक्षय, थायरॉइडचा अतिस्राव आणि गर्भारपण यांत रक्ताभिसरणाचा वेग वाढल्यामुळे असे होते. मानेच्या धमनीत साचलेला चरबीचा थर, मेंदूच्या आवरणातील धमनी-शिरांची अनैसर्गिक जोडणी आणि मध्यकर्णातील रक्तवाहिन्यांनी भरलेली ग्लोमस गाठ ही त्याहून गंभीर कारणे. वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रीला या आवाजासोबत डोकेदुखी आणि अंधुक दिसण्याचा त्रास असेल, तर डोक्याच्या कवटीतील दाब वाढल्याची शक्यता तपासावीच लागते. त्यात दुर्लक्ष झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

गोंधळ वाढवणारी एक गोष्ट म्हणजे कानातला मळ. तो घट्ट बसला की बाहेरचे आवाज अडतात आणि आतले, म्हणजे शिट्टी आणि नाडी दोन्ही, ठळक होतात. तो पिन किंवा काडीने काढण्याचा प्रयत्न करू नये.

तपासण्यांचा मार्गही यानुसार फुटतो. अखंड आवाजासाठी आधी श्रवणचाचणी होते, आणि ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने आवाजाचा त्रासही पुष्कळदा कमी होतो. नाडीच्या आवाजासाठी रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बहुधा रक्तवाहिन्यांचे स्कॅन लागते. अखंड आवाज तुलनेने निरुपद्रवी असला, तरी तो एकाच कानात असल्यास श्रवणतंतूवरील गाठ नाही ना, हे एमआरआयने पाहतात. एका कानाने अचानक ऐकू येईनासे होऊन कान वाजू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच सर्वाधिक होतो.