दुष्काळ आधी, धडा नंतर: मराठवाड्यातील शालेय पर्यावरण शिक्षणाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या शाळांमध्ये आज जे पर्यावरणविषयक प्रकल्प दिसतात, त्यांचा उगम पाठ्यपुस्तकात शोधायला गेले तर अर्धीच गोष्ट हाती लागते. जून 1972 मध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद भरली, आणि त्याच वर्षी इकडे विहिरी आटल्या, जनावरे बेभाव विकली गेली आणि माणसे खडी फोडायला रस्त्याच्या कामांवर गेली. त्या परिषदेतून 5 जून हा जागतिक पर्यावरण दिन मिळाला. बहात्तरच्या दुष्काळातून रोजगार हमी, पाझर तलाव आणि पाण्याविषयीची एक कायमची धास्ती मिळाली. (5 जूनला आपल्याकडच्या शाळा उन्हाळी सुट्टीत असतात, त्यामुळे हा दिवस बहुधा शाळा उघडल्यावर परिपत्रकाप्रमाणे साजरा होतो, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.) वर्गातला विषय आणि शिवारातला अनुभव हे दोन प्रवाह पुढची चाळीसेक वर्षे समांतर वाहत राहिले.

पाण्याचा प्रश्न विद्यार्थ्यांनी हाती घेण्याची सुरुवात मात्र आजच्या शालेय प्रकल्पांहून जुनी आहे आणि ती शालेय उपक्रमातून झालेली नाही. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी आघाडीवर होते, आणि रोजगार व रेल्वेच्या रुंदमार्गाबरोबर सिंचन हाही त्यांच्या मागण्यांतला विषय होता. त्या मुलांनी आपल्या मागणीला पर्यावरण म्हटले नसते. तेव्हा तो शब्द रुळलेलाच नव्हता. पण आपल्या प्रदेशाच्या वाट्याला किती पाणी येते आणि का येते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी जाहीरपणे विचारला होता, आणि शालेय प्रकल्पांच्या वह्यांत तो प्रश्न पुढे फार क्वचित दिसला. 1976 साली पैठणला जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या 42 व्या घटनादुरुस्तीने नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या पानांवर छापली जाणारी कर्तव्यांची यादी तिथली.

शाळेत पर्यावरण आले ते प्रथम झाडाच्या रूपाने. कोठारी आयोगाने (1964-66) सुचवलेल्या कार्यानुभवाच्या तासिकेला मोजमाप किंवा निरीक्षणापेक्षा खड्डे खणणे आणि रोपे लावणे सोयीचे होते. राज्यात 1982 मध्ये सामाजिक वनीकरणाचे वेगळे खाते झाल्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांतली रोपे जिल्हा परिषदेच्या प्रशालांपर्यंत पोचू लागली. लातूरसारख्या जिल्ह्यात वनाच्छादन अगदीच तुटपुंजे आहे, तिथे झाडांचा आग्रह चुकीचा म्हणता येणार नाही. अडचण शाळेच्या दिनदर्शिकेत होती. जुलैमध्ये रोप लागते, दिवाळीपर्यंत ते पावसाच्या ओलीवर तगते, आणि त्याला खरोखर पाणी लागते त्या एप्रिल-मेमध्ये शाळा बंद, हापसा कोरडा आणि शेळ्या मोकळ्या. पुढच्या जुलैत बहुतेक वेळा त्याच खड्ड्यात नवे रोप लावले जाते. मराठवाड्यातल्या कोणत्याही शिक्षकाला हे सांगावे लागत नाही.

अभ्यासक्रमाचा रेटा दिल्लीहून आला. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले, आणि अंमलबजावणी रखडल्यामुळे डिसेंबर 2003 मध्ये पुन्हा बजावले. दरम्यान 2001 मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित सेना, म्हणजे शाळाशाळांतले पर्यावरण गट, सुरू केली आणि महाराष्ट्रात ती सामाजिक वनीकरणाकडे आली; म्हणजे पुन्हा झाडच. सक्तीच्या विषयाचे पुढे काय झाले हे अकरावी-बारावी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्पवही मिळते, तिच्यात ओझोनच्या थराचे रंगीत चित्र असते, आणि स्वतःच्या गावातल्या बारवेचे किंवा बुजलेल्या आडाचे नाव नसते. श्रेणी मिळते, विषय संपतो. विषय सक्तीचा करून मुले प्रश्न विचारू लागतील, ही अपेक्षाच थोडी भाबडी होती.

विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेल्या प्रकल्पाची खरी चौकट वेगळीकडून मिळाली. 1993 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत 10 ते 17 वयाच्या मुलांच्या गटाने परिसरातला प्रश्न निवडायचा, माहिती गोळा करायची आणि निष्कर्ष स्वतः मांडायचे असतात. शिक्षक मार्गदर्शक असतो, गटप्रमुख मूल असते. 2014 आणि 2015 साठी तिचा मुख्य विषय हवामान समजून घेण्याचा होता, आणि नेमकी हीच वर्षे मराठवाड्यात पाठोपाठच्या दुष्काळाची ठरली. समांतर वाहणारे दोन्ही प्रवाह एकत्र आले ते इथे.

असा प्रकल्प जवळून पाहिला तर त्यात साहित्य जवळजवळ नसते. दोरीला दगड बांधतात, ठराविक अंतरावर गाठी मारतात, दोरी विहिरीत सोडतात आणि दगड पाण्याला टेकल्याचा आवाज आला की गाठी मोजतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते; मुले दर आठवड्याला नोंदवू शकतात. छपराचा हिशेबही असाच: एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी, म्हणून 200 चौरस मीटरच्या छपरावर 50 मिलिमीटरच्या एका चांगल्या पावसात 10,000 लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर साधारण एवढाच असतो. ज्या मुलीने त्या टँकरखाली घागर धरलेली आहे, तिला हे गणित फळ्यावर दोनदा मांडून दाखवावे लागत नाही.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला आली, पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर घेऊन. त्याच उन्हाळ्यात अंबाजोगाई तालुका गावागावांतल्या जलसंधारणाच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत उतरला होता आणि सुट्टीतली शाळकरी मुले मोठ्यांच्या बरोबरीने चर खोदत होती. पुढच्या वर्षांत राज्याच्या वृक्षलागवडीचे आकडे फुगत गेले, 2016 च्या दोन कोटींपासून 2019 च्या तेहतीस कोटींपर्यंत, आणि शाळांना पुन्हा उद्दिष्टे वाटून मिळाली. सक्तीच्या विषयाच्या नावात मात्र एक बदल झाला, आणि मला तो लागवडीच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पर्यावरण शिक्षणाला 'व जलसुरक्षा' अशी जोड मिळाली आणि पाठोपाठ नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषयच आला. पोषण आहाराची ताटे धुतलेले पाणी चारीने परसबागेकडे वळवणे अशा साध्या कामांना त्यामुळे अभ्यासक्रमात जागा झाली.

आता अडते ते सातत्यावर. विहिरीची नोंद तीन-चार पावसाळे सलग असेल तरच तिला अर्थ येतो, आणि दहावीचा गट मार्चमध्ये परीक्षा देऊन निघून जातो. म्हणून काही शिक्षक गटात आठवीची दोन मुले मुद्दाम घेतात आणि नोंदवहीबरोबर दोरीही त्यांच्याकडे सोपवतात. दोरी तीच ठेवावी लागते, कारण नव्या दोरीच्या गाठी जुन्या अंतरावर बसत नाहीत आणि मागच्या नोंदींशी मेळ तुटतो.