पंतप्रधान शिष्यवृत्ती: माजी सैनिकांच्या मुलांनी अर्ज कसा करावा, आणि तो कुठे अडतो

फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदाराचा मुलगा इंजिनीअरिंगला लागला की घरात पहिला प्रश्न फीचा येतो. केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती त्यासाठीच आहे. दरवर्षी ५,५०० नव्या विद्यार्थ्यांना ती मिळते, २,७५० मुलं आणि २,७५० मुली. मुलाला महिन्याला २,५०० रुपये, मुलीला ३,००० रुपये. हे दर २०१९ मध्ये वाढले, त्याआधी ते २,००० आणि २,२५० होते. रक्कम दरमहा येत नाही, वर्षाची एकदम खात्यात जमा होते: मुलाचे ३०,०००, मुलीचे ३६,०००. चार वर्षांच्या बी.टेक.ला मुलीचे १,४४,००० होतात. खाजगी कॉलेजची पूर्ण फी यात निघत नाही, पण वसतिगृह, मेस आणि पुस्तकांना हातभार लागतो.

कोणाला मिळते

माजी सैनिक आणि माजी तटरक्षक यांची मुलं, तसंच त्यांच्या विधवा. वीरपत्नीला स्वतः बी.एड. करायचं असेल तर ती स्वतःच अर्जदार असते, हे अनेक घरांत माहीतच नसतं. वडील अजून नोकरीत असतील तर अर्ज चालत नाही. युद्धात वा सेवेत मरण किंवा अपंगत्व आलेल्यांच्या आणि शौर्यपदक मिळवलेल्यांच्या कुटुंबांना प्राधान्यक्रमात वरची जागा आहे. तुमच्या-आमच्यासारखे साधे निवृत्त जवान शेवटच्या गटात येतात, आणि त्या गटात गुणांवर चुरस असते.

गुणांची अट ६० टक्के, पण कशात? ज्या परीक्षेवर प्रवेश मिळतो तिच्यात. बी.टेक., एम.बी.बी.एस., बी.फार्म.साठी बारावी. बी.एड. किंवा एम.बी.ए.साठी पदवी. सीईटीचे पर्सेंटाइल इथे कामाचे नाहीत. मुलाला सीईटीत ९५ पर्सेंटाइल असले आणि बारावीला ५८ टक्के असले, तर तो बसत नाही.

अभ्यासक्रम व्यावसायिक पदवीचा आणि संबंधित नियामक संस्थेची मान्यता असलेला हवा. पदव्युत्तरपैकी फक्त एम.बी.ए. आणि एम.सी.ए. चालतात. परदेशातलं शिक्षण चालत नाही. साधं बी.ए., बी.कॉम. यात येत नाही. त्यासाठी त्याच बोर्डाचं वेगळं शिक्षण अनुदान आहे, हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांच्या माजी सैनिकांसाठी, दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते महिन्याला १,००० वरून २,००० रुपये झालं आहे. ‘आपलं पोरगं आर्ट्सला, आपल्याला काही नाही’ असं म्हणून गप्प बसू नका.

कागद: खरी लढाई इथे

बोर्डाचे ठरावीक नमुने आहेत. पहिलं प्रपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं: हा माजी सैनिक, हे त्याचं अपत्य, असं प्रमाणपत्र. दुसरं कॉलेजचं बोनाफाईड. तिसरं बँकेचं. सोबत दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), पात्रता परीक्षेची गुणपत्रिका आणि आधार. डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळणारं सेवा-नोंदींचं पुस्तक), पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि माजी सैनिक ओळखपत्र हाताशी असू द्या, कार्यालय ते मागतंच.

आता डिस्चार्ज बुक उघडा आणि मुलांच्या नावांचं पान काढा. सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात. वडिलांनी सुट्टी संपवून युनिटला परतल्यावर घाईत नोंद केलेली असते: नाव ‘बाळू’, जन्म ऑगस्टचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर तोच मुलगा ‘प्रथमेश’ असतो आणि जन्म १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहून टाकली. कागदावर ही दोन वेगळी मुलं झाली. काही ठिकाणी धाकट्या मुलीची नोंदच नसते. यावर उपाय एकच, रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे जवानांच्या सेवा-नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून, नोंद दुरुस्त करून घेणे. फौजी भाषेत पार्ट टू ऑर्डर. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना बेळगाव, तोफखान्याला नाशिक रोड, महार रेजिमेंटला मध्य प्रदेशातलं सागर. जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र आणि अर्ज जिल्हा सैनिक कार्यालयामार्फत पाठवा. याला आठवडे नव्हे, महिने लागू शकतात. म्हणून हे काम मूल अकरावीत असतानाच उरकलेलं बरं. प्रवेशाच्या धावपळीत ते होत नाही.

बोनाफाईडच्या बाबतीत कॉलेजचा क्लार्क स्वतःच्या छापील नमुन्यावर सही-शिक्का मारून देतो आणि तुम्ही तेच चढवता. बोर्डाला स्वतःचाच नमुना हवा असतो. त्यात अभ्यासक्रमाचं नाव, किती वर्षांचा, विद्यार्थी कोणत्या वर्षाला, मान्यता कोणाची, हे सगळं भरलेलं पाहिजे. रकाने कोरे सोडून आणलेलं प्रपत्र परत जातं. चालू वर्षाचा नमुना संकेतस्थळावरून उतरवूनच प्रिंट काढा. सायबर कॅफेवाल्याकडे ठेवलेली जुनी फाइल वापरू नका.

खातं विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावावर, राष्ट्रीयीकृत बँकेत हवं. वडिलांचं पेन्शन खातं नको, पतसंस्था नको. आयएफएससी (बँक शाखेचा कोड) जुन्या पासबुकवरून लिहू नका: देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि जुने कोड बाद झाले. आधार खात्याला नुसतं ‘लिंक’ असणं आणि थेट लाभासाठी ‘सीडिंग’ असणं, म्हणजे आधार क्रमांकावर आलेले सरकारी पैसे याच खात्यात जमा होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाखेत सीडिंग शब्द वापरूनच विचारा.

अर्ज कसा जातो

केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर माजी सैनिकाच्या नावाने नोंदणी करायची. मोबाइल आणि ईमेल घरातलेच द्या. कॅफेवाल्याचा ईमेल दिला की पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे जातात. मूळ कागद रंगीत स्कॅन करून चढवा. झेरॉक्सवरून स्कॅन केलेला पुसट कागद हे परत येण्याचं नेहमीचं कारण. अर्ज दाखल झाल्यावर डाक आयडी मिळतो, तो लिहून ठेवा, पुढे अर्जाचा माग त्यावरच लागतो.

इथे बरेच जण थांबतात आणि तिथेच चुकतं. ऑनलाइन दाखल केलं म्हणजे काम झालं नाही. मूळ कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं; ते पडताळून पुढे पाठवतात, मग पुण्याचा सैनिक कल्याण विभाग, मग दिल्ली. अंतिम तारीख दरवर्षी संकेतस्थळावर जाहीर होते, पण शेवटच्या आठवड्यात कार्यालयात रांग असते. अर्ज त्रुटीसाठी परत आला तर दुरुस्तीला मर्यादित मुदत असते, म्हणून दर चार दिवसांनी स्थिती बघा.

दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरण वेगळं करावं लागतं, आपोआप होत नाही. प्रत्येक वर्षी किमान ५० टक्के हवेत. दोन्ही सेमिस्टरच्या गुणपत्रिका लागतात, आणि सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर करून कॉलेजच्या सही-शिक्क्याचं पत्र. ५० च्या खाली गेलं की शिष्यवृत्ती बंद.

पोलीस, सीआरपीएफवाले, आणि जवान स्वतः

सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ ही दले गृह मंत्रालयाखाली येतात. त्यांच्या मुलांचे अर्ज सैनिक बोर्डाकडे नाही, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. तिथे वर्षाला २,००० जागा. दहशतवादी किंवा नक्षल हल्ल्यात शहीद झालेल्या राज्य पोलिसांच्या मुलांसाठी २०१९ पासून ५०० जागा आहेत. गडचिरोलीतल्या कुटुंबांनी हे नक्की पाहावं. अग्निशमन दलाच्या जवानांची मुलं यापैकी कशातच बसत नाहीत, हे या योजनेचं उणेपण आहे.

आणि जवानाने स्वतःची पदवी? दहावी पास आणि १५ वर्षांची सेवा असेल, तर पदवी मागणाऱ्या गट क च्या तांत्रिक नसलेल्या पदांना अर्ज करता येतो. पण ही सवलत नोकरीपुरती आहे. पुढे एम.ए. करायचं असेल तर १५ वर्षांच्या सेवेवर मिळणारं पदवी-समकक्षतेचं प्रमाणपत्र पदवीच्या जागी धरू नका. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून रीतसर पदवी घ्या.