वाऱ्याला पाठ नको, बाजू द्या

'वारा पाहून पाठ द्यावी' ही म्हण ज्याने केली, तो जमिनीवरचा माणूस असणार. शिडाच्या जहाजाला थेट मागून येणारा वारा वाटतो तितका कामाचा नसतो. पटत नसेल तर छोटं गणित करून पाहू.

समजा, एक मालवाहू जहाज 12 नॉट वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण 6 मीटर, चाललं आहे. वारा नेमका मागून, सेकंदाला 10 मीटर. पण जहाज त्याच वाऱ्यापुढे पळतंय, त्यामुळे डेकवरच्या खलाशाला जाणवतो फक्त 4 मीटरचा वारा. आता तोच वारा बाजूने, काटकोनात येऊ द्या. जहाजाच्या चालीमुळे समोरून लागणारे 6 आणि बाजूचे 10 मिळून जाणवणारा वारा होतो 11.7 मीटर. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तुलना होते 16 आणि 136 यांची. तोच वारा, तेच शीड, पण साडेआठ पट वाव.

हा सगळा जोर जहाजाला आडवं ढकलण्यातच गेला तर? नाही जात, कारण शीड वाऱ्याला नुसतं अडवत नाही, वळवतं. फुगलेल्या शिडाच्या बाकाला धरून हवा वळते. हवेला एका बाजूला वळवणाऱ्या शिडाला ती उलट बाजूला रेटते. विमानाचा पंख उचलला जातो तोही असाच; तो पंख डेकवर उभा रोवला की झालं शीड. हे बल जाणवणाऱ्या वाऱ्याला काटकोनात असतं. आपल्या उदाहरणात तो वारा जहाजाच्या पुढच्या टोकापासून सुमारे 60 अंशांवरून येतो, त्यामुळे त्या बलाचा बराच मोठा हिस्सा जहाजाला पुढे ओढतो. हो, ओढतोच, ढकलत नाही.

मग कापडाचंच शीड कशाला हवं? हा प्रश्न जर्मन अभियंता अँटॉन फ्लेट्नर याला पडला. 1924 मध्ये त्याने 'बुकाऊ' नावाच्या जहाजावर शिडांऐवजी दोन उंच, गोल, फिरणारे खांब बसवले. फोटोत पाहिलं तर धुराडीच वाटतात. यामागचं तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश माग्नुस याने 1852 मध्ये अभ्यासलं होतं आणि आपण ते दर क्रिकेट सामन्यात पाहतो. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडायच्या आधीच हवेत वाकतो ना, तेच. फिरणारा पृष्ठभाग लगतच्या हवेला सोबत ओढतो. खांबाच्या ज्या बाजूला फिरणं आणि वारा एकाच दिशेने, तिथे हवा खांबाला जास्त वेळ चिकटून वळसा घेते. दुसऱ्या बाजूला लवकर सुटते. एकूण वारा वळतो आणि खांबाला उलट रेटा बसतो. तेवढ्याच आकाराच्या कापडी शिडापेक्षा हा रेटा कैक पटींनी जास्त. वारा दुसऱ्या बाजूने आला तर खांब उलटा फिरवायचा, संपलं. ना दोर ओढायला माणसं, ना डोलकाठीवर चढणं.

'बुकाऊ'चं नाव पुढे 'बाडेन-बाडेन' झालं आणि 1926 मध्ये ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचलं. पण तेल स्वस्त होतं, डिझेल इंजिनं सुधारत होती. कल्पना चुकीची नव्हती, हिशेब जुळत नव्हता.

आता जुळू लागलाय. 2018 मध्ये 'मर्स्क पेलिकन' या तेलवाहू जहाजावर 30 मीटर उंच आणि 5 मीटर व्यासाचे दोन रोटर, म्हणजे असेच फिरणारे खांब, चढवले गेले. एवढा रुंद खांब मिनिटाला 120 फेरे घेऊ लागला, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला 31 मीटरने धावतो, म्हणजे 10 मीटरच्या वाऱ्याच्या तिप्पट. वर्षभराच्या चाचणीत इंधन वाचलं 8.2 टक्के. आकडा ऐकून नाक मुरडू नका. मोठं जहाज दिवसाला टनांच्या हिशेबात इंधन जाळतं. 2023 मध्ये 'पिक्सिस ओशन' या जहाजावर 37.5 मीटर उंचीचे दोन कडक पंख बसले, त्यांनी पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी 3 टन वाचवले.

मला मात्र या जाहिरातवजा आकड्यांपेक्षा अडचणी जास्त रंजक वाटतात. बाजूच्या रेट्याने जहाज किंचित तिरकं सरकतं, मग सुकाणू थोडं वळवून धरावं लागतं, आणि पाण्याचा विरोध वाढून कमाईतला काही भाग तिथेच जातो. समोरून वारा असेल तर फिरणारा खांबही निव्वळ अडसर. कंटेनरच्या राशी रचलेल्या डेकवर जागाच नसते, म्हणून ही शिडं मुख्यतः मोकळ्या डेकच्या तेलवाहू आणि खनिजवाहू जहाजांवर दिसतात. तिथेही माल भरणाऱ्या यंत्रांच्या वाटेत खांब येतात. 2021 पासून ब्राझीलच्या 'व्हाले' कंपनीचं लोहखनिज वाहणाऱ्या 'सी झोऊशान' जहाजावर त्यावर सोपा तोडगा आहे: पाचही रोटर बिजागरीवर उभे आहेत, बंदरात गरज पडली की डेकवर आडवे निजवायचे.