हळदीने थांबलेली गळती

कसारा घाट चढून इगतपुरी जवळ आली तेव्हा गाडीच्या तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला होता आणि बॉनेटखालून वाफ येत होती. ढाब्यावरच्या एका जाणत्या काकांनी गाडी पूर्ण निवू दिली, मग गळणाऱ्या रेडिएटरमध्ये, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या जाळीत, दोन चमचे हळद टाकली. ठिबकणं थांबलं, आम्ही नाशिकला घरी पोचलो. उपाय चालतो, यात शंका नाही. तो का चालतो हे कळल्यापासून मात्र मला त्याची धास्ती वाटते.

हळदीत स्टार्च भरपूर. गरम पाण्यात तो फुगतो, चिकट होतो आणि पाण्याच्या ओढीने छिद्रात जाऊन बसतो. बाजारात मिळणारी काही लीक बंद करणारी औषधं सोडियम सिलिकेटची असतात, तीही अशीच भोकात घट्ट होतात. पण रेडिएटरच्या चपट्या नळ्याही आतून जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या! भोक कोणतं आणि वाट कोणती, हे त्या लगद्याला कसं कळणार? तो दोन्ही बुजवतो.

निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. रेडिएटरची कॅप आत सुमारे १ बार जादा दाब धरून ठेवते, म्हणून ते १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. गळती लागली की हा दाबच जातो. (गरम गाडीची कॅप उघडू नये ती याचसाठी: दाब सुटताच उकळतं कूलंट अंगावर उसळतं.) त्यात आपण बोअरचं पाणी ओतत राहतो. ते लवकर उकळतं, शिवाय त्यातल्या क्षारांचा आत थर बसतो. मग इंजिन तापून त्याचं ॲल्युमिनियमचं हेड (वरचा भाग) वाकतं, त्याखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) जातं, पाणी ऑइलमध्ये मिसळतं, आणि ऑइल मोजायची दांडी ओढली तर तिला दुधाळ चहासारखा फेस लागलेला दिसतो.

आमचं इंजिन वाचलं. गॅरेजमध्ये मिस्त्रींनी रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून हवा भरली आणि टॉर्च धरून थांबले. खालच्या होज पाइपच्या क्लिपपाशी हिरवा थेंब जमला. क्लिप सैल होती, एवढंच. ती दहा मिनिटांत बदलली. रेडिएटर मात्र नवा घ्यावा लागला. जुन्याच्या निम्म्या नळ्यांत पिवळा गाळ बसला होता.