धार नसलेली पटाशी

कोकणात जुनं घर उतरवायला काढलं, की माळ्यावरची किंवा गाडीच्या शेडमधली हत्यारांची गोणी हमखास बाहेर येते. रंधा, वाकस, गिरमिट ओळखणारं कुणीतरी घरात असतंच. मग निघतो एक गंजका तुकडा: वीतभर लांब, पुढे पसरट, मूठबिठ काही नाही, अख्खा लोखंडी. त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर पडतो आणि लगेच निकाल लागतो, "पटाशी आहे, धार गेलीय." एखादा उत्साही भाचा ती ग्राइंडरला लावतो, आणि होता तो पुरावाही जातो.

ग्राइंडर बाजूला ठेवा आणि टोक डोळ्यासमोर आडवं धरा. लाकडाच्या पटाशीची धार साधारण २५ ते ३० अंशांची, एकाच बाजूने उतरती. लोखंड तोडायच्या छिन्नीची ६० अंशांच्या आसपास, दोन्ही बाजूंनी. या तुकड्याला मात्र उतारच नाही. टोक दोन-तीन मिलिमीटर जाड आणि सपाट, कधी त्यात लांबट खाच. धार गंजाने खाल्ली असती तर कड कुरतडल्यासारखी दिसली असती. इतकी एकसारखी जाडी गंज ठेवत नाही. म्हणजे ते बनवलंच बोथट. खाचेतला काळा चिकटा सुईने खरवडून तापवला आणि राळेचा वास आला, तर शंका उरत नाही. होडीच्या फळ्यांमधल्या फटींत राळ लावलेला कापसाचा पीळ ठोसायचं हे हत्यार.

बोथट का, याचं उत्तर शाळेतल्या दाबाच्या सूत्रात आहे. कड ०.१ मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटर जाड केली, की त्याच बळाचा दाब तिसाव्या हिश्श्यावर येतो. धागा तुटत नाही, फटीत आत सरकतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. नुसत्या कापसाने पाणी अडत नाही, अडवतं ते लाकूड. लाकडाच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे असतात, आणि ते बहुतांशी खोडाच्या लांबीला धरून मांडलेले असतात. पाण्याचे रेणू या धाग्यांच्या मधे शिरतात आणि हायड्रोजन बंधांनी चिकटतात. त्यामुळे धागे एकमेकांपासून दूर ढकलले जातात, लांब मात्र होत नाहीत. म्हणून फळी रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. ओलं सागवान पूर्ण वाळवलं, तर वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते सुमारे ५.८ टक्के आकसतं, गाभ्यातून सालीकडे २.५ टक्के, आणि लांबीला ०.१-०.२ टक्का. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांवर गेला की भिंती तृप्त होतात. त्यापुढचं पाणी पोकळ्यांत साठतं, फुगवटा वाढत नाही.

मे महिन्याच्या उन्हात पुळणीवर राहिलेली लाकडी होडी पाण्यात लोटल्यावर सुरुवातीला गळते ती म्हणूनच. पाणी उपसत राहायचं. फळ्या फुगल्या, कापूस आवळला, की गळती आपोआप थांबते. आणि म्हणूनच वाळलेल्या फळ्यांत कापूस ठासून भरायचा नसतो. फुगणाऱ्या लाकडाला जागाच उरली नाही तर खिळे सैल होतात. किती घट्ट ते सुताराच्या हाताला कळतं, सूत्राला नाही.

असं जुनं लोखंड निघालं, की "तांदूळ ओढणारा धातू" शोधणारेही दारात येतात. त्याला कोट्यवधी रुपये मिळतील म्हणतात, आणि त्याआधी "तपासणी"चे पैसे तुमच्याकडूनच मागतात. ही निव्वळ फसवणूक आहे. तांदूळ लोहचुंबकालाही चिकटत नाही. चिकटलेला दिसला तर दाण्यांना लोखंडाचा कीस लावलेला असतो.

फायबरच्या होडीला फळ्याही नाहीत आणि फटीही नाहीत, त्यामुळे किनाऱ्यावर हे हत्यार हातात घेणारे कमी होत चालले आहेत. तुमच्या गोणीत असला तुकडा निघाला तर कोरड्या ब्रशने माती झाडा, गंज घासू नका, वासापुरता कण सोडला तर खाचेतला चिकटा तसाच ठेवा. फोटो काढाल तो टोकाच्या समोरून, शेजारी पट्टी ठेवून. ग्रुपवर येणाऱ्या वरून काढलेल्या फोटोंत ती जाडीच दिसत नाही.