गार्गॉइल: नाव चेहऱ्याचं नव्हे, घशाचं

युरोपातल्या जुन्या कॅथेड्रलच्या भिंतीतून मान लांब काढून, जबडा वासून बसलेली दगडी श्वापदं आपण निदान फोटोत तरी पाहिलेली असतात. इंग्रजीत त्यांना गार्गॉइल म्हणतात. ती भेसूर तोंडं बघून हे एखाद्या राक्षसाचं नाव असावं असं वाटतं. पण शब्द आलाय घशावरून! जुन्या फ्रेंचमधल्या ‘गार्गूल’चा अर्थ घसा. त्यातला ‘गार्ग’ म्हणजे घशात पाणी खळखळल्याचा आवाज. गुळण्या करण्याला इंग्रजीत ‘गार्गल’ म्हणतात, तोही याच घरातला. जर्मन तर सरळ ‘पाणी थुंकणारा’ म्हणून मोकळे होतात.

गवंड्याच्या लेखी ही निव्वळ पन्हळ. छपराचं पाणी भिंतीवरून ओघळत राहिलं, की दगडांच्या सांध्यातला चुना धुपतो. म्हणून लांबट दगडाचं एक टोक भिंतीत पक्कं बसवायचं, दुसरं बाहेर काढायचं आणि प्राण्याच्या पाठीवर चर खोदायचा. पाणी त्या चरातून घशात येतं आणि तोंडावाटे भिंतीपासून लांब पडतं. मान जितकी लांब तितकी भिंत कोरडी. ती लांबुळकी अंगकाठी भीती घालायला नव्हे. इजिप्तमधल्या डेंडेराच्या देवळावरचे सिंहही हेच काम करत.

फ्रान्समधल्या रूआँची दंतकथा मात्र वेगळंच सांगते. सातव्या शतकातल्या बिशप रोमाँनं ‘गार्गुई’ नावाच्या ड्रॅगनला पकडून जाळलं. आग ओकून सरावलेलं त्याचं मुंडकं काही जळेना, म्हणून ते चर्चवर टांगलं. कथा झकास आहे, पण ती बरीच उशिरा लिहिली गेली. मला तर नाव आधी आणि ड्रॅगन मागाहून, असंच वाटतं.

पाणी ओकतो तोच गार्गॉइल, या हिशेबानं पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलवरचा, गालाला हात लावून बसलेला तो प्रसिद्ध शिंगाळा गार्गॉइल नाहीच. त्याच्यातून पाणी वाहत नाही, आणि तो मध्ययुगातलाही नाही. व्हियोले-ल-द्यूक या फ्रेंच वास्तुविशारदानं 19व्या शतकातल्या डागडुजीत ही मंडळी बसवली. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलवर तर चक्क ‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या खलनायकाचं, डार्थ व्हेडरचं, मुंडकं आहे. पाण्याला वाट नसलेल्या अशा मूर्तींना जाणकार ‘ग्रोटेस्क’ म्हणतात.

मुंबईत 1888 साली पूर्ण झालेल्या सीएसएमटीवर दोन्ही जाती आहेत. वर बघताना तोंडात भोक आहे का, तेवढं पाहा. धो धो पावसात तेही शोधावं लागत नाही.