वादग्रस्त गव्हर्नरसमोर तगडा उमेदवार शोधणं (विस्कॉन्सिन, २०११ ते २०१८)

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे, तो थेट लोकांनी निवडून दिलेला असतो आणि त्याचं काम बरंचसं आपल्या मुख्यमंत्र्यासारखं असतं, त्यामुळे राज्यात उभी फूट पाडणारा माणूस त्या खुर्चीत बसला की त्याला पाडायला समोर कोण उभं करायचं हा विरोधकांसाठी फार मोठा प्रश्न होऊन बसतो. वरून हायकमांडने तिकीट जाहीर केलं आणि विषय संपला असं तिथे होत नाही. आधी पक्षाची प्रायमरी होते, तिथे सामान्य मतदारच उमेदवार ठरवतात, पक्षातली वजनदार मंडळी फार तर गळ घालू शकतात, पैसे उभे करून देतो म्हणू शकतात, आणि समोरच्याने नाही म्हटलं की हात चोळत बसायचं. याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे विस्कॉन्सिन, जिथे स्कॉट वॉकर या रिपब्लिकन गव्हर्नरला हरवायला डेमोक्रॅटिक पक्षाला तीन उमेदवार आणि आठ वर्षं लागली.

वॉकर २०१०मध्ये मिलवॉकीचे महापौर टॉम बॅरेट यांना हरवून निवडून आले. फेब्रुवारी २०११मध्ये त्यांनी एक विधेयक आणलं, पुढे 'ॲक्ट १०' म्हणून गाजलेलं. पोलीस आणि अग्निशमन दल सोडून बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांच्या, म्हणजे शिक्षकांच्यासुद्धा, युनियनचा एकत्र बोलणी करायचा हक्क त्याने जवळपास संपवला, फक्त मूळ पगारावर बोलता येईल तेही महागाईच्या मर्यादेत. ज्या राज्याने १९५९मध्ये देशात सगळ्यात आधी सरकारी कर्मचाऱ्यांना हा हक्क कायद्याने दिला त्याच राज्यात हे झालं, म्हणून घाव इतका खोल बसला. मॅडिसनच्या विधानभवनात लोक दिवसरात्र ठाण मांडून बसले, राज्याच्या वरच्या सभागृहातले डेमोक्रॅटिक पक्षाचे १४ सिनेटर गणपूर्ती होऊ नये म्हणून शेजारच्या इलिनॉयमध्ये निघून गेले. तरी मार्चमध्ये कायदा झालाच.

मग रिकॉल, म्हणजे मुदत संपायच्या आत परत मतदान घ्यायला लावणं. त्यासाठी ६० दिवसांत ५,४०,२०८ सह्या लागणार होत्या, कडाक्याच्या थंडीत दारोदार फिरून लोकांनी त्याहून कितीतरी जास्त जमवल्या, ९ लाखांवर सह्या वैध ठरल्या. एवढा संताप, एवढी मेहनत, आणि उमेदवार कुठाय? घोडं अडलं ते इथेच. वॉशिंग्टनच्या सिनेटमधले माजी सिनेटर रस फाइनगोल्ड यांच्याकडे सगळे डोळे लावून होते, ते २०१०ला स्वतःची जागा हरले होते पण कार्यकर्त्यांचा जीव त्यांच्यावर होता, त्यांनी ऑगस्ट २०११मध्येच नाही सांगून टाकलं. युनियननी प्रायमरीत उतरलेल्या कॅथलीन फॉक यांना पाठिंबा दिला, कारण बोलणीचा हक्क परत न देणारं बजेट मी व्हेटो करीन असं वचन त्यांनी दिलं होतं. बॅरेटनी तसं वचन दिलं नाही, ते मार्च २०१२च्या अखेरीस उतरले आणि ८ मेची प्रायमरी आरामात जिंकले. पण मुख्य मतदान ५ जूनला, म्हणजे हातात जेमतेम चार आठवडे. तोवर वॉकर यांची तयारी कित्येक महिने चालू होती, कारण रिकॉलची तारीख अधिकृतपणे लागेपर्यंत खुर्चीवरच्या माणसाला कितीही मोठी देणगी घ्यायला कायद्याने मोकळीक होती, त्यांच्याकडे साधारण ३ कोटी डॉलर आणि बॅरेटकडे ४० लाखांच्या आसपास. वॉकर ५३ टक्के मतांनी टिकले, रिकॉलमधून वाचलेले अमेरिकेतले पहिले गव्हर्नर. आणि २०१०पेक्षा अंतर वाढलं! माझ्या मते दोन वर्षांपूर्वी हरलेलाच माणूस परत समोर आणल्यामुळे त्या सगळ्या आंदोलनाला जुन्या सामन्याच्या दुसऱ्या फेरीचं रूप आलं. शिवाय मतदानानंतरच्या पाहणीत बहुतेकांचं म्हणणं होतं की रिकॉल फक्त गैरवर्तनासाठीच वापरावा, ती मतं कुठलाही चांगला उमेदवार असता तरी सहज मिळाली नसती.

२०१४ला मेरी बर्क, वडिलांनी उभी केलेली ट्रेक ही सायकल कंपनी, तिथला अनुभव, स्वतःचा पैसा. कागदावर उमेदवार उत्तम, पण राज्यभर कधी निवडणूक लढवलेली नाही. वॉकर परत जिंकले.

२०१८ला उलटच झालं, उमेदवारांची रांग लागली. वॉकर २०१५मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उतरून दोन-सव्वादोन महिन्यांत माघारी आले होते, ते हरू शकतात असं वाटायला लागलं होतं. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर दहा नावं, त्यात टोनी एव्हर्स सुमारे ४२ टक्क्यांनी पहिले आले. एव्हर्स म्हणजे आधी विज्ञानाचे शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग राज्याचे शिक्षणप्रमुख. हळू बोलणारे, सभा पेटवणारे अजिबात नाहीत, म्हणून बऱ्याच जणांना धाकधूक होती. पण शिक्षणप्रमुख हे पदही तिथे लोक मत देऊन भरतात, बिनपक्षीय असतं, आणि एव्हर्स ते २००९, २०१३, २०१७ असं तीनदा जिंकले होते, शेवटच्या वेळी जवळपास ७० टक्के मतांनी. म्हणजे वॉकरना मत देणाऱ्या कितीतरी घरांनी एव्हर्सनाही मत दिलेलं होतं! आणि ज्या शिक्षकांवर २०११चा घाव बसला त्यांच्यातलाच हा माणूस, त्याला शाळांबद्दल वेगळी भाषणं शिकवायला लागली नाहीत.

नोव्हेंबरमध्ये एव्हर्स २९,२२७ मतांनी निवडून आले, फरक साधारण १.१ टक्का. फेरमोजणी मागायला फरक एक टक्क्याच्या आत हवा असा कायदा २०१७मध्ये वॉकर यांनीच सही करून आणला होता, त्यामुळे ती मागायची वाट त्यांना उरली नव्हती.